एकही थेंब बाहेरचा नाही

ता. ११ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझं खुब्याचं हाड जुळलं, काठी मी फेकून दिली, आणि हिवाळ्यात तळघराच्या ज्या पायऱ्यांवरून घसरले होते त्याच पायऱ्या आता डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून चढते-उतरते आहे. तुझे बाबा बरे आहेत. मी दवाखान्यात पडून होते तेव्हा त्यांनी एकट्याने तळघर सांभाळलं, त्याचा तोरा अजून उतरलेला नाही. मी घरी आल्याबरोबर किल्ली परत मागून घेतली, म्हणून दोन दिवस गाल फुगवून बसले होते. तुझी आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात, पण त्या आजारपणाआधी तळघराची किल्ली मी कधी त्यांच्या हाती दिली नव्हती आणि आता देणारही नाही. माणूस प्रेमळ आहे, पण वेंधळा.

आता मुद्द्याचं. काल मंडळाचं पत्र आलं. कोणाच्या बाटलीवर टेकडीचं नाव छापायचं आणि कोणाच्या नाही, हे ठरवणारं ते मंडळ. त्यांनी लिहिलंय की आमची वाईन तपासली, ती टेकडीवरच्या द्राक्षांची वाटत नाही. खाली तुमच्या प्रयोगशाळेचा शिक्का. ठकू, मी ते पत्र चष्मा पुसून पुन्हा वाचलं. या टेकडीवर तुझ्या आजोबांनी वेली लावल्या, मी त्या चाळीस वर्षं छाटते आहे, आणि आता मला सांगतात की माझी वाईन कुठली तरी तिसरीकडची आहे.

मंडळाने दोन वाटा दिल्यात. एक, चूक झाली असं लिहून द्यायचं, मग दोन वर्षं नाव न लावता विकायचं, नंतर नाव परत. दुसरी, हरकत घ्यायची. पण हरकत खोटी ठरली तर नाव कायमचं गेलं, माझ्यानंतर बाग ज्याच्याकडे जाईल त्याचंही. मी कालच हरकत पाठवली. त्यात एकच वाक्य लिहिलं, माझ्या तळघरात एकही थेंब बाहेरचा नाही. खाली सही ठोकली. डिसेंबरात सुनावणी आहे.

एवढंच विचारायचं होतं, हे तपासणारी तू होतीस का? होय असेल तर होय लिही. गोड बोलून फिरवाफिरव केलीस तर ओळखेन.

रागात लिहिलंय, पण लोभ तसाच आहे, तो कुठे जात नाही.

तुझी
आत्या

*

ता. १९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

होय. मीच होते.

बाटल्या आमच्याकडे येतात तेव्हा त्यांवर फक्त आकडा असतो, कोणाची आहे ते बंद पाकिटात राहतं. तुझं पत्र आल्यावर मी लगेच मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या प्रमुखांकडे गेले आणि ही माझी सख्खी आत्या असं सांगितलं. बाईंनी त्या क्षणी तुझी फाइल माझ्याकडून काढून घेतली आणि नियम वाचून दाखवला: निकाल लागेपर्यंत तुझ्याशी फोनवर बोलायचं नाही, जे काही बोलायचं ते पत्रातून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत फाइलला. तेव्हा तू जे लिहिशील ते बाईही वाचतील, हे ध्यानात ठेव. वेंधळ्या बंधुराजांची कथा त्यांनी वाचलीच आहे. हसल्या नाहीत, पण चष्मा मात्र बराच वेळ पुसत होत्या.

आम्ही काय करतो ते सांगते. बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या डबीत पातळ केलेली वाईन घ्यायची. तिच्यावर एकेका रंगाचा प्रकाश सोडायचा, जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. वाईन त्यातला काही गिळते आणि काही वेगळ्या रंगात परत देते. किती गिळला, किती परत दिला, याचा एक नकाशा तयार होतो. माती, ऊन, वेलीची जात, पिंपाचं लाकूड, सगळ्यांचा त्यात हात असतो. नुसत्या एका नकाशाकडे बघून काही कळत नाही. म्हणून संख्याशास्त्र लागतं. टेकडीच्या ओळखीच्या बाटल्यांचा एक घोळका, दूरच्या भागांतल्या बाटल्यांचा दुसरा, आणि नवी बाटली कोणत्या घोळक्यात जाऊन उभी राहते ते बघायचं. तुझी बाटली टेकडीच्या घोळक्यापासून लांब उभी राहिली. मी पुन्हा डबी धुतली, पुन्हा भरली, पुन्हा तेच.

आत्या, हा आकडा मी बदलणार नाही. तू रागावलीस तरी नाही. आणि तू कुठून तरी आणून ओतलं असशील असंही मी मरेपर्यंत मानणार नाही. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या कशा, हे मला कळत नाही आणि त्यामुळे माझं जेवणात लक्ष नाही.

बाबांना नमस्कार. तुझा राग मला सोसेल, अबोला धरू नकोस.

तुझी
ठकू

*

ता. २७ एप्रिल

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. आणि वाचत असतीलच म्हणून मोठ्या बाईंनाही नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा चिडले, मग बागेत एक चक्कर मारली, मग बरं वाटलं. आकडा बदलणार नाही म्हणालीस, तेव्हा माझ्या भावाची पोर शोभलीस. बदलला असतास तर मीच तुला घरात घेतलं नसतं. पण माझी हरकत मी सोडत नाही, हेही तितकंच खरं. तू तुझ्या जागी अडून बस, मी माझ्या जागी बसते.

परवा गोडबोल्या आला होता. तुला आठवत असेल, पायथ्याशी ज्याचं ते मोठं तळघर आहे, पांढऱ्या भिंतींचं, तो. मंडळावरही आहे. लहानपणी तुला तो चॉकलेट द्यायचा आणि तू माझ्या मागे लपायचीस. ओसरीवर बसला, माझ्या हाडाची चौकशी केली, मग हळूच म्हणाला की ताई, कशाला या वयात भांडता, चूक झाली असं लिहून द्या, दोन वर्षं तुमची सगळी वाईन मी घेतो, माझ्या नावाखाली विकतो, तुमची चूल अडायची नाही. मी म्हटलं, माझी वाईन टेकडीची नाही तर तुम्हाला ती टेकडीच्या नावाखाली कशी चालेल? त्यावर हसला. म्हणाला, आमची काळजी करू नका, प्रयोगशाळा टेकडी ओळखायला शिकली तीच मुळी आमच्या बाटल्यांवरून. मोठ्या ऐटीत सांगत होता.

मी त्याला पाणी दिलं आणि फाटक दाखवलं. तुझे बाबा त्याला पोचवायला खालपर्यंत गेले. त्यांचं सगळ्यांशी गोड. मी विचारलं, त्याच्याशी एवढं काय बोलत होतात, तर म्हणाले हवापाण्याचं.

दुकानदाराने माझ्या बाटल्या मागच्या फळीवर सरकवल्यात. निकाल लागेपर्यंत दर्शनी ठेवता येत नाहीत म्हणे. मी रोज जाऊन त्या पुढे सरकवते आणि तो माझी पाठ फिरली की मागे. हा खेळ चालू आहे.

मायेत कसूर नको, भांडणात तर नकोच.

तुझी
आत्या

*

ता. ९ मे

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गोडबोल्याचं ते एक वाक्य तू सहज लिहिलंस, आणि मी मात्र पत्र हातात धरून उभीच राहिले.

टेकडीच्या ओळखीच्या बाटल्यांचा घोळका म्हणून तुला सांगितला ना, तो मीच बांधलाय. बाटल्या मंडळाने पाठवल्या होत्या. मी त्यांचं मूळ शोधलं नाही. लेबलवर टेकडी लिहिलंय, मंडळाचा शिक्का आहे, मग त्या टेकडीच्याच, असं धरून चालले. आता पाकिटं उघडायला लावली तर बहुतेक सगळ्या पायथ्याच्या तळघरातल्या निघाल्या. त्यातली द्राक्षं वेलीवरून उतरताना आमच्यापैकी कोणी पाहिलेली नाहीत. म्हणजे त्या बाटल्या मुळात टेकडीखालच्या सपाटीवरच्या असतील, तर माझं यंत्र सपाटीलाच टेकडी मानायला शिकलं असणार. आणि मग खरी टेकडी समोर आली की ते तिला परकी म्हणणार. हे असंच झालंय असं मी म्हणत नाही, पण असं झालं असेल तर मला कळायला मार्ग नाही, आणि हे त्याहून वाईट आहे.

मी बाईंना म्हटलं की घोळका मोडू या आणि नवा बांधू या, स्वतः तोडलेल्या द्राक्षांचा. बाईंनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या की तसं केलं तर गेल्या काही वर्षांत दिलेला प्रत्येक दाखला संशयात येईल, प्रयोगशाळेचं नाव जाईल, कदाचित त्यांची खुर्चीही. त्यांनी दुसरा रस्ता काढला. तुझ्या बाटलीवर नमुना अपुरा असा शेरा मारायचा. मग निकालच उरत नाही, हरकतही उरत नाही, आणि तुझं नाव तुझ्याकडेच राहतं. कोणाचंच नुकसान नाही.

मला हे तुला विचारायला सांगितलंय म्हणून विचारते. माझं मत तुला ठाऊक आहे आणि बाईंनाही, कारण मी ते त्यांच्या तोंडावर जरा मोठ्यानेच सांगितलं. पण बाग तुझी आहे. तू हो म्हणालीस तर मी तुला दोष देणार नाही.

तुझी
ठकू

*

ता. १५ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्यापेक्षा तुझ्या बाईंसाठी आहे. त्यांना म्हणावं, समोर बसून वाचा.

बाई, शेरा नको. मला माफी नको आणि मेहेरबानीही नको, निकाल हवा. अपुरा नमुना म्हणजे काय? माझ्याकडे बाटल्या आहेत, पिंपं आहेत, वेली आहेत, हवा तेवढा नमुना घेऊन जा. माझ्यावर ठपका ठेवताना तो पुरेसा होता आणि काढताना अपुरा झाला, हे कोणतं शास्त्र? उद्या मी बाजारात गेले की लोक म्हणतील भाची तिथे आहे, सांभाळून घेतलं. ते मला या वयात सोसायचं नाही. तुमची खुर्ची जाईल म्हणता. माझी टेकडी जाते आहे. मी भीत नाही, तर तुम्ही का भिता?

तोडणीला या. माझ्याच नाही, टेकडीवरच्या सगळ्यांच्या बागांत जा, स्वतःच्या हातांनी घड तोडा आणि कुलपात वाईन बनवा. मग सांगा मी कुठली ते. विरुद्ध निघालं तर मी बाटल्यांवरची नावं स्वतः खरवडून काढेन.

ठकू, तुझे बाबा आजकाल फार गप्प असतात. सुनावणीचा विषय काढला की मिठाची गुळणी धरतात. मला वाटतं माझी काळजी लागली आहे. तूच त्यांना चार ओळी लिही.

तुम्हा दोघींवर लोभ आहे. सध्या तुझ्यावर जास्त.

तुझी
आत्या

*

ता. ४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाईंनी तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. दुपारी त्यांनी मंडळाला कळवलं की आमचे टेकडीबद्दलचे सगळे दाखले नवी तपासणी होईपर्यंत थांबवले आहेत. तोडणीला त्या स्वतः येणार. मी नात्यातली, म्हणून मला येता येणार नाही. सपाटीवरचीही द्राक्षं त्या त्याच आठवड्यात तोडणार, म्हणजे त्या वर्षीच्या उन्हा-पावसाचा फरक दोन्हीकडून सारखाच वजा होईल.

तुझ्या पत्राच्या समासात बाईंनी पेन्सिलीने लिहिलंय की आत्याबाईंना सांगा, मी भीत होते, आता भीत नाही. प्रत पाठवत नाही, कारण हे त्यांनी नंतर खोडलंय. पण मी वाचलं होतं.

बाबांना लिहिलं. उत्तर आलं नाही. तुझं प्रेम असंच भांडकुदळ राहो.

तुझी
ठकू

*

ता. १२ सप्टेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाई येऊन गेल्या. इतकी हट्टी बाई मी आरशाबाहेर पाहिली नव्हती.

आल्या त्या सकाळी ऊन चढायच्या आत, बरोबर दोन मदतनीस, स्वतःच्या कात्र्या, पिशव्या, कुलपं. मी त्यांच्यासाठी वरच्या रांगेतल्या वेली राखून ठेवल्या होत्या, एकेक घड असा की हातात धरला तर खाली ठेवावासा वाटू नये. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी वेलींना आकडे दिले, चिठ्ठ्या केल्या, डब्यात घालून हलवल्या आणि सोडत काढली. निघाली कोणती, तर बांधाकडेची ती रोगट, जिला मी पुढच्या छाटणीत काढणारच होते. मी म्हटलं ही नको, पाहुण्यांसमोर लाज जाते. तर म्हणाल्या, तुम्ही निवडलेले घड म्हणजे तुमचं मत झालं, मला बाग हवी आहे. मी आडवी उभी राहिले. त्यांनी मला बाजूने वळसा घालून घड तोडला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मनात म्हटलं, ही माझ्याच जातीची आहे.

मग तळघरात उतरल्या. प्रत्येक पिंपातून नळीने थोडी थोडी वाईन काढून घेतली. कोपऱ्यातल्या जुन्या पिंपापाशी तुझे बाबा म्हणाले की ते राहू द्या, त्याची फळी खिळखिळी आहे. बाईंनी त्यातूनही घेतली. मीच म्हटलं, घ्या, काही सोडू नका.

गोडबोल्याने बाईंना वेली दाखवल्या, हसतमुखाने. त्याच्या टेकडीवरच्या रांगा किती थोड्या आहेत हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. बाईंनी त्याला फक्त विचारलं की बाकीच्या कुठे आहेत. तो म्हणाला, आहेत इकडे तिकडे.

निघताना बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की निकाल काय लागेल ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, मला आहे.

तुझी वाट बघणारी
आत्या

*

ता. ६ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निकाल तुला आणि मंडळाला एकाच टपालाने पाठवतोय. पण मला तो तुला स्वतः सांगायचा आहे, बाईंनी परवानगी दिली आहे.

कुलपात बनवलेल्या वाईनचे नवे घोळके बांधले. आकडे आणि पाकिटं वेगवेगळ्या खोल्यांत होती, हिशेब पूर्ण झाल्यावर सगळ्यांसमोर उघडली. टेकडी आणि सपाटी इतकी वेगळी उभी राहिली की मी त्या पडद्याकडे बघून रडले, आणि मला त्याची लाज वाटत नाही. तुझी पिंपं टेकडीच्या मधोमध आहेत. एप्रिलमधली ती बाटलीही. मंडळाने पूर्वी आम्हाला दिलेल्या पायथ्याच्या बाटल्या जवळजवळ सगळ्या सपाटीत जाऊन उभ्या राहिल्या. आत्या, तू खरी होतीस आणि माझं यंत्र चुकीच्या गुरूकडे शिकलं होतं.

आता पुढचं लिहायला हात उठत नाही, पण लिहिते. कोपऱ्यातलं पिंप टेकडीत नाही. सपाटीतही नाही. दोन्हींच्या मध्ये आहे, कोणीतरी दोन वाइनी एकत्र केल्यावर उभं राहावं तसं. आम्ही स्वतः टेकडीच्या वाईनमध्ये सपाटीची मिसळून बघितली. साधारण चौथा हिस्सा मिसळला की ते नेमकं तिथे जातं. गंमत अशी की जुन्या हिशेबाने तुझ्या सगळ्या पिंपांत हेच टेकडीच्या सगळ्यांत जवळ आलं असतं.

हे मी लपवलेलं नाही आणि लपवणारही नाही. मंडळाकडे जाणाऱ्या कागदावर ते पिंप इतरांच्याच ओळीत आहे. पण तुझं ते एक वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या पिंपात काय आहे ग?

रागावलीस तरी माझी राहा.

तुझी
ठकू

*

ता. १३ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं, जेवताना. कोपऱ्यातल्या पिंपाशी आले तेव्हा तुझ्या बाबांच्या हातातला चमचा ताटलीत पडला. मग सगळं बाहेर आलं.

मी दवाखान्यात होते तेव्हा त्या पिंपाची फळी सुटली. सकाळी जाऊन बघतात तर जमिनीवर वाईन आणि पिंप चौथ्या हिश्शाने रिकामं. फळी त्यांनी बसवली. पण पिंपात वर हवा राहिली की वाईन आंबते, ते काठोकाठ भरलेलंच लागतं, हे मी त्यांना लाख वेळा घोकवलं होतं. भरायला आपली सुटी वाईन शिल्लक नव्हती. मला विचारायचं तर माझ्यावर त्याच दिवशी शस्त्रक्रिया. म्हणून बंधुराज पायथ्याला गेले आणि गोडबोल्याच्या तळघरातून त्याची टेकडीची वाईन घेऊन आले. टेकडीचीच, म्हणून तर. त्यांना वाटलं एकाच टेकडीचं पाणी, एकाच टेकडीत ओतलं, बाहेरचं कुठे काय आहे? लेबलवर विश्वास ठेवला. जी चूक तू तुझ्या यंत्रासमोर केलीस, तीच तुझ्या बापाने नरसाळं धरून केली. घराणंच विश्वासू.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच बोलले, कारण त्यांनी खाणं सोडलं होतं.

आता माझं ऐक. माझी हरकत एकाच वाक्यावर उभी आहे, आणि ते वाक्य खोटं निघालं. निकालातलं ते पिंप पाहून मंडळाच्या माणसाने काल निरोप पाठवला की अजून एक फट आहे. हिवाळ्यात तळघर सांभाळणाऱ्या भावाने हे माझ्या नकळत केलं असं मी लिहून द्यायचं. मग भेसळ त्यांच्या नावावर लागते, त्यांना कायमची तळघरबंदी, त्यांचं नाव मंडळाच्या फलकावर, आणि माझं वाक्य अजाणतेपणी केलेलं म्हणून दोन वर्षांवर निभावतं. तुझ्या बाबांनी कागद समोर ओढून सही करायला घेतली. मी पेन हिसकावलं.

उद्या सुनावणी आहे. त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगणार.

तुझी
आत्या

*

ता. १६ डिसेंबर

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं.

लांब टेबल, वर एक दिवा लुकलुकणारा, आणि गोडबोल्या बरोबर समोर. तुझ्या बाईंनी निकाल मांडला, शांतपणे, एकही शब्द इकडे तिकडे न करता. त्याचे दाखले तिथल्या तिथे रद्द झाले. तो म्हणाला की यंत्रांचं काय, आज एक म्हणतात, उद्या दुसरं. तेव्हा मी उठले. म्हटलं, यंत्राचं सोडा, माझ्या तळघरात एक पिंप आहे, त्यात चौथा हिस्सा तुमची वाईन आहे, तुमच्याच माणसाने मोजून दिलेली, टेकडीची म्हणून. ती सपाटीची निघाली. आता तुम्हीच सांगा, यंत्र खोटं की तुम्ही. ठकू, त्याला घाम फुटलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग अध्यक्षांनी मला विचारलं की हे तुमच्या नकळत झालं ना. सगळी खोली माझ्याकडे बघत होती. तुझे बाबा दाराशी उभे होते, टोपी हातात चुरगाळत. नकळत झालं, हे खरंच आहे. पण हो म्हटलं असतं तर पुढचा कागद तयार होता, त्यावर त्यांचं नाव. मी म्हटलं, तळघर माझं, पिंप माझं, वाक्य माझं आणि सही माझी. माझ्या भावाने भरलं म्हणजे मी भरलं. एक थेंब बाहेरचा होता. लिहा.

त्यांनी लिहिलं. नाव गेलं, ठकू. सगळ्या बाटल्यांवरून, कायमचं. वीस जण बसले होते, एकालाही माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. घरी आल्यावर थोडं आलं.

परत येताना बाबा सबंध वाटभर माझ्या मागून चालत होते. फाटकाशी मी थांबले आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी म्हटलं, एकदा चुकलात, आता तुमच्याइतकं जपून कोणी भरणार नाही. पण विचारल्याशिवाय एक पेलाही ओतलात तर हात मोडून ठेवेन.

आता तरी फोन कर, निकाल लागला की.

तुझी
आत्या

*

ता. ८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण रोज भांडतो, पण हे पत्र बाईंच्या सांगण्यावरून, रीतसर लिहिते आहे. प्रतही फाइलला जाईल, सवयीने.

टेकडी ओळखायला आम्हाला दरवर्षी नव्या बाटल्या लागतील, ज्यांची द्राक्षं तुटताना आम्ही पाहिली आहेत आणि ज्यांच्या पिंपांचा इतिहास आम्हाला लपवाछपवीशिवाय ठाऊक आहे. बाईंनी टेकडीवरची सगळी तळघरं पुन्हा तपासली. त्यांचं म्हणणं असं की ज्या बागेने स्वतःविरुद्ध साक्ष दिली तिच्यावरच त्या विसंबतील. कोपऱ्यातलं पिंप सोडून तुझी सगळी वाईन आमच्या घोळक्याच्या मधोमध ठेवायची आहे. यापुढे टेकडीवर कोणीही नाव मागितलं की त्याची बाटली तुझ्या बाटलीशेजारी उभी करायची. जुळली तर नाव मिळेल, नाही तर नाही.

फॉर्म सोबत आहे, रकाने भरून पाठव. दुकानदार काय म्हणतो? आणि बाबा?

तुझी
ठकू

*

ता. १५ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

बाटल्या घेऊन तुझे बाबाच येत आहेत. पेटी मांडीवरून खाली ठेवणार नाहीत, तेव्हा स्टेशनवर त्यांच्या हातातून घ्यायला जाऊ नकोस, वाद घालतील. किल्ली दोरीला बांधून गळ्यात आहे, आंघोळीलाही काढत नाहीत.

दुकानदाराने निम्म्याच बाटल्या घेतल्या. बाकीच्या मी घरून विकते. लेबलवर फक्त साल आहे, खाली मोठी कोरी जागा. गिऱ्हाईक विचारतं, इथे काय होतं. मी म्हणते, प्रकाशाखाली धरून बघा. गोडबोल्याने पायथ्याच्या भिंतींना नवा रंग दिला आहे. कोपऱ्यातलं पिंप आम्ही घरी प्यायला ठेवलंय. वाईट नाही, पण मी तसं बाबांना सांगितलेलं नाही.

बाईंना म्हणावं, पुढच्या तोडणीला या, आणि रोगट वेल मी काढलेली नाही, तुमच्या सोडतीसाठी ठेवली आहे.

तुम्हा दोघींना माझ्या वाट्याची सगळी माया.

तुझी
आत्या

ता. क. फॉर्मवरचे सगळे रकाने भरलेत, ठिकाणाचा तेवढा कोरा सोडला आहे. तिथे टेकडीचं नाव लिहायची मला बंदी आहे. ते तुमच्या बाईंनीच लिहावं, स्वतःच्या हाताने, आणि खाली शिक्का मारावा.